एक नळ, चौसष्ट बादल्या

लालबागला आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला एक नळ होता आणि मजल्यावर बिऱ्हाडं चौदा. पाणी पहाटे यायचं, जेमतेम तासभर. घरातलं पाणी भरायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे रांग कशी लागते, ती कशी तुंबते आणि कोणामुळे तुंबते, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. आता पंधरा वर्षं मी स्टोरेज ड्रायव्हर लिहिते. ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिस्क यांच्यामध्ये बसलेला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. प्रोग्रॅम म्हणतो ‘हे वाचून दे’. ड्रायव्हर ते डिस्क चालवणाऱ्या कार्डाला कळेल अशा भाषेत सांगतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला नेऊन देतो. या कामात सगळ्यांत किचकट समजला जाणारा विषय म्हणजे लॉक कन्टेन्शन, लॉकपुढची रेटारेटी. आजही तो मला त्या नळापाशी जाऊन उभं राहिल्यावरच नीट दिसतो, म्हणून तिथूनच सांगते.

हा विषय फक्त आमच्यासारख्यांचा नाही. भाजीवाल्याला यूपीआयने वीस रुपये दिले, मोबाइलवर लोकलचा पास काढला, दवाखान्यात केसपेपर काढला, यातला कुठलाही व्यवहार ‘पक्का झाला’ म्हणायचं तर तो कुठल्या तरी सर्व्हरच्या डिस्कवर लिहिला जावा लागतो. ते लिहिणं ड्रायव्हरमधूनच जातं. तिथे रांग तुंबली तर सर्व्हर कितीही महागडा असो, तुमच्या फोनवर चक्र फिरत राहतं.

आधी लॉक लागतंच कशाला ते बघू. डिस्कचं कार्ड एका वेळी ठरावीक कामं अंगावर घेतं, समजा २५६. प्रत्येक कामाला एक बिल्ला मिळतो, त्याला आम्ही टॅग म्हणतो. काम झालं की कार्ड एवढंच कळवतं: ‘१७ नंबर झालं.’ आता सर्व्हरमध्ये ६४ कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत आणि सगळे एकाच वेळी धावताहेत. त्यातले दोन एकाच क्षणी बिल्ल्यांचा तक्ता बघतात. दोघांनाही १७ मोकळा दिसतो, दोघंही १७ उचलतात. थोड्या वेळाने कार्ड म्हणतं, १७ झालं. कोणाचं झालं? हे सांगू शकेल असं आता कोणीच नाही. एकाचा डेटा दुसऱ्याच्या मेमरीत जाऊन पडतो. असा बिघाड त्या क्षणी दिसतही नाही. तो आठवड्याने दिसतो, भलत्याच ठिकाणी.

म्हणून नियम करायचा: तक्ता बघणं आणि बिल्ला उचलणं, हे दोन्ही होईपर्यंत मध्ये दुसऱ्याने यायचं नाही. ‘एका वेळी एकच’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९६५ मध्ये मांडलं. लॉक म्हणजे तोच नियम. आत जाणारा कडी लावतो, बाहेर पडणारा काढतो.

ड्रायव्हरमध्ये बहुतेक ठिकाणी स्पिनलॉक वापरतात. स्पिन म्हणजे गरगर फिरणं. ज्याला लॉक मिळालं नाही तो कोअर झोपत नाही, ‘सुटलं का? सुटलं का?’ असं विचारत जागच्या जागी फिरत राहतो. यामागे कारण आहे. थांबायचं असतं एखाद-दोन मायक्रोसेकंद आणि झोपून पुन्हा उठायला त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. शिवाय इंटरप्ट चालू असताना, म्हणजे कार्डाने ‘ओ’ दिली म्हणून कोअर हातातलं काम टाकून धावला असताना, झोपायची परवानगीच नसते. पण याचा एक फसवा परिणाम होतो. वाट बघणारा कोअर बाहेरून शंभर टक्के कामात दिसतो. लोक तो आकडा बघतात आणि म्हणतात, सीपीयू कमी पडतोय, आणखी कोअर घ्या. नळ एकच असताना तुम्ही बादल्या वाढवल्यात. पाणी तेवढंच येणार, रांग मात्र वाढणार.

मग इतकी वर्षं हे कोणाला खुपलं कसं नाही? कारण डिस्कच मंद होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्यात सुई हलवायचा वेळ वेगळा. अशी डिस्क इकडेतिकडे विखुरलेली कामं सेकंदाला शंभर-दीडशेच करते. ड्रायव्हरने लॉक २ मायक्रोसेकंद धरून ठेवलं तर त्या चार मिलिसेकंदांपुढे तो दोन हजारावा भाग. कोणाच्या खिजगणतीत असणार?

मग एसएसडी आल्या. त्यांच्यात फिरणारं काही नाही. आजची चांगली एनव्हीएमई डिस्क, म्हणजे एसएसडीसाठीच आखलेल्या जोडणीची डिस्क, सेकंदाला दहा लाखांच्या आसपास छोटी वाचनं देऊ शकते, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला एक. आता तोच हिशेब पुन्हा करा. प्रत्येक काम एकाच सामाईक लॉकमधून जातं आणि लॉक २ मायक्रोसेकंद धरतं. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त पाच लाख कामं. कोअर ६४ असोत नाहीतर ६४०, पाच लाखांपुढे आकडा जाणार नाही. डिस्क अर्धा वेळ रिकामी बसेल. हा हिशेब मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी कागदावर करायला लावते, कारण यात तक्रारीला जागा नाही, साधा भागाकार आहे.

प्रत्यक्षात तर पाच लाखही मिळत नाहीत. त्याचं कारण कळायला लॉक मेमरीत कसं राहतं ते बघावं लागतं. लॉक म्हणजे शेवटी मेमरीतला एक छोटा आकडा. प्रत्येक कोअर कॅशमध्ये, म्हणजे आपल्या जवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, त्याची प्रत ठेवतो. कॅश मेमरी आपल्या नेहमीच्या सर्व्हरांत ६४ बाइटच्या पट्ट्यांनी उचलते. या पट्टीला कॅश लाइन म्हणतात. एका कोअरने पट्टीवर काही लिहिलं की बाकी सगळ्यांच्या प्रती बाद होतात आणि त्यांना नवी प्रत आणावी लागते. पट्टी आपल्याच कोअरपाशी असेल तर लॉक घेणं काही नॅनोसेकंदांचं काम. तीच पट्टी बोर्डावरच्या दुसऱ्या चिपमधून ओढून आणायची तर शंभर नॅनोसेकंदांच्या घरात वेळ जातो. आणि चाळीस कोअर एकाच आकड्याकडे डोळे लावून बसले असतील तर लॉक सुटल्या क्षणी चाळीसही जण त्या एका पट्टीसाठी ओढाताण करतात. नळ सोडून निघालेल्या माणसालाही त्या गर्दीतून वाट काढावी लागते.

आमच्या मजल्यावरही आधी असंच होतं. पाणी आलं की जो तो धावायचा. ज्याची खोली नळाजवळ त्याचं फावायचं. नंतर कोणीतरी बादली लावून ठेवायची पद्धत पाडली: आदल्या रात्री रिकामी बादली रांगेत ठेवायची, तो तुमचा नंबर. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही नेमकं हेच घडलं. २००८ च्या २.६.२५ आवृत्तीत तिकीट स्पिनलॉक आलं. येणाऱ्याने नंबर घ्यायचा, नंबर पुकारला की आत जायचं. घुसखोरी बंद झाली, पण सगळ्यांची नजर अजूनही त्या एका फलकावरच होती. २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत रांगेचं स्पिनलॉक आलं. त्यामागची कल्पना मेलर-क्रमी आणि स्कॉट या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये मांडली होती: प्रत्येकाने आपल्यापुरत्या खुणेकडे बघायचं आणि पुढच्याने निघताना मागच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. नळाकडे बघायचंच नाही. फार सुंदर कल्पना आहे ती. पण तिने भांडण थांबतं, पाण्याची धार वाढत नाही. लॉक कितीही सभ्य केलं तरी २ मायक्रोसेकंद ते २ मायक्रोसेकंदच.

धार वाढवायची तर दोनच प्रश्न विचारायचे: नळाखाली काय काय चाललंय? आणि एवढ्या सगळ्यांना एकच नळ का?

पहिल्या प्रश्नाची एक गोष्ट सांगते. आमच्या टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा आहे, डोंबिवलीहून रोज पवईला येतो. त्याच्याकडे एका जुन्या कार्डाचा ड्रायव्हर दिला होता. तक्रार अशी की आठ कोअरपर्यंत वेग वाढतो, सोळाच्या पुढे उलट कमी होतो. त्याने पर्फ, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, लावून बघितलं तर वेळ खाणाऱ्या फंक्शनांत सगळ्यांत वर होतं स्पिनलॉकचं वाट बघणारं फंक्शन. इथे अननुभवी माणूस चुकतो. ते फंक्शन दोषी नसतं, ते रांगेत उभं राहिलेलं असतं. दोषी असतो तो नळाखाली बसलेला. तो शोधायला लिनक्समध्ये लॉकस्टॅट आहे. प्रत्येक लॉकसाठी किती वेळा थांबावं लागलं, एकूण किती वेळ थांबले आणि लॉक हातात किती वेळ राहिलं, हे सगळं ते वेगवेगळ्या रकान्यांत दाखवतं. मी आधी बघते तो धरून ठेवल्याचा रकाना. लॉकस्टॅट चालू केल्यावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, स्वतःच मंदावतं, म्हणून ते चाचणीच्या मशीनवरच लावायचं.

मग आम्ही दोघं कोड उघडून बसलो. काम कार्डाकडे पाठवणारं एक फंक्शन. पहिल्याच ओळीत लॉक घेतलं होतं, शेवटच्या ओळीत सोडलं होतं. मधे काय होतं? बिल्ला शोधणं. डेटाची मेमरी कार्डाला दिसेल अशी मांडून देणं. कमांडचे ६४ बाइट भरणं. लॉगसाठी एक लांबलचक ओळ तयार करणं, लॉग बंद असला तरी. ‘आतापर्यंत किती कामं पाठवली’ हा काउंटर वाढवणं. कार्ड जिवंत आहे ना, हे बघायला त्याचं एक रजिस्टर, म्हणजे कार्डावरचा माहितीचा छोटा खण, वाचणं. आणि शेवटी कमांड रिंगमध्ये, म्हणजे कार्ड जिथून कामं उचलतं त्या गोल रांगेत, ठेवून कार्डाची घंटा वाजवणं, म्हणजे नवं काम आलंय हे त्याला कळवणं.

“मॅडम, हे सगळं आत कशाला?”

“तूच सांग, यातलं कशाला दुसऱ्याने मधे आलेलं चालणार नाही?”

त्याने बोट ठेवत ठेवत मोजलं. कमांडचे बाइट ज्याच्या त्याच्या मेमरीत भरले जातात, तिथे दुसरा कोणी येतच नाही. लॉगची ओळही आपापली. मेमरी मांडून देण्याच्या कामाला हे लॉक लागतच नाही. आमच्या मजल्यावर एक काकू होत्या, त्या नळाखालीच बसून तांदूळ धुवायच्या. घरी नेऊन धुतले असते तरी तेच तांदूळ. पण पाणी समोर आहे तर इथेच धुऊन घेऊ, असं त्यांना वाटायचं आणि मागे बारा बादल्या खोळंबायच्या. ड्रायव्हर लिहिणाराही हेच करतो. लॉक हातात आहे, तर हेही उरकून घेऊ.

त्यात सगळ्यांत महाग होतं ते रजिस्टर वाचणं, आणि यावर थोडं थांबते कारण हे बाहेरून दिसत नाही. कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिणं म्हणजे पेटीत पत्र टाकणं. कोअर टाकतो आणि पुढे जातो. वाचणं मात्र वेगळं. प्रश्न पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने कार्डापर्यंत जातो, उत्तर तिथून परत येतं, आणि तोवर कोअर हात बांधून उभा. एक मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ यातच जातो. तोही लॉक धरून, इंटरप्ट बंद ठेवून. (इंटरप्ट बंद ठेवावेच लागतात. नाहीतर लॉक धरलेल्या कोअरवरच इंटरप्ट येईल, तेच लॉक मागेल आणि स्वतःचीच वाट बघत कायमचा अडकेल.) कोडची ती एक ओळ दिसायला इतर ओळींसारखीच. तिचं काम आम्ही दर काही सेकंदांनी एकदा, वेगळ्या जागी करायला लावलं.

आता दुसरा प्रश्न, सगळ्यांना एकच नळ का. गेल्या काही दशकांत लिनक्सच्या स्टोरेजमध्ये मोठे बदल झाले ते बहुतेक या प्रश्नाची एकेक पायरी आहेत. १९९६ मध्ये आवृत्ती २.० ला एकाहून जास्त प्रोसेसर चालवता येऊ लागले तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं लॉक होतं. ते पूर्ण निघायला २०११ उजाडलं. २.४ च्या काळात मशीनमधल्या सगळ्या डिस्कांच्या रांगांना मिळून एक लॉक होतं. एक डिस्क दुसरीशी काही संबंध नसताना तिच्यासाठी खोळंबायची. २००३ अखेर आलेल्या २.६ मध्ये प्रत्येक रांगेला तिचं लॉक मिळालं. स्कझीमध्ये, म्हणजे डिस्कशी बोलायच्या एका जुन्या पद्धतीसाठीच्या कर्नलच्या भागात, प्रत्येक कार्डाचं एक होस्ट लॉक असायचं आणि वरचा थर ते धरूनच ड्रायव्हरला हाक मारायचा. ड्रायव्हरला हवं असो वा नसो. २०११ च्या जानेवारीत, २.६.३७ मध्ये, ते लॉक खाली ड्रायव्हरकडे सोपवलं गेलं: तुला लागत असेल तर तू घे.

खरी उडी मात्र २०१४ ची. एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन मार्च २०११ मध्ये आलं तेव्हा हार्डवेअरनेच नळ वाढवले होते. त्याआधीच्या एएचसीआय या जोडणीत एका पोर्टला एक रांग आणि तिच्यात ३२ कामं. एनव्हीएमईमध्ये ६५,५३५ पर्यंत रांगा आणि एकेका रांगेत ६५,५३६ पर्यंत जागा. एवढ्या रांगा कोणी वापरत नाही, पण प्रत्येक कोअरला स्वतःची रांग, स्वतःची घंटा, स्वतःचा इंटरप्ट देता येतो. कर्नल मात्र अजून एकाच रांगेतून कामं पाठवत होतं. येन्स आक्सबो, मातियास ब्योरलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक रांगांची रचना मांडली. ती ब्लॉक एमक्यू या नावाने जानेवारी २०१४ मध्ये, ३.१३ आवृत्तीत आली. त्याच वर्षी क्रिस्टोफ हेलविग यांच्या कामातून ती स्कझीपर्यंत पोचली. जुनी एकेरी वाट मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीत काढून टाकली गेली.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर उघडला तर त्यात रांगेसाठी लॉक आजही आहे. कमांड रिंगमध्ये ठेवणं आणि घंटा वाजवणं त्याच्या आतच चालतं. पण रांग ज्या कोअरची त्याच्याशिवाय सहसा तिथे कोणी फिरकत नाही. कडी आहे, दारात गर्दी नाही. अशा लॉकची किंमत काही नॅनोसेकंद. म्हणून ‘लॉक वाईट’ असं मी कधी म्हणत नाही. लॉकसाठी लिहिलेल्या चार ओळी आणि चाळीस वाट बघणारे कोअर, यातले चाळीस कोअर हा प्रश्न आहे.

बिल्ल्यांचं काय केलं, तेही सांगते, कारण त्यात एक फसलेला प्रयोग आहे. दरवेळी नळावर जाण्यापेक्षा घरी मोरीत पिंप भरून ठेवायचं, हे आम्ही सगळेच करायचो. एकदा रांगेत उभं राहा, चार बादल्या आणा, मग दिवसभर पिंपातून घ्या. ब्लॉक एमक्यूमध्ये सुरुवातीला बिल्ले असेच होते: प्रत्येक कोअर सामाईक तक्त्यातून मूठभर बिल्ले आणून जवळ ठेवायचा. बिल्ले भरपूर मोकळे असतील तोवर छान चालायचं. निम्म्याहून जास्त वापरात आले की गोची. एकाच्या पिंपात पाणी पडून आहे आणि दुसरा तहानलेला. मग दुसऱ्यांच्या घरात शिरून बिल्ले ओढून आणायचे, ते मूळ रांगेहून महाग. म्हणून २०१४ मध्येच ते बदललं. आता बिल्ल्यांचा तक्ता अनेक छोट्या तुकड्यांत वाटलेला असतो, प्रत्येक तुकडा वेगळ्या कॅश लाइनवर, आणि प्रत्येक कोअर आपापल्या ठिकाणापासून शोधायला लागतो. बिल्ला उचलायला लॉक लागत नाही. ‘हा बिट शून्य असेल तरच एक कर’ अशी प्रोसेसरची एक अखंड सूचना पुरते. डोंबिवलीच्या मुलाने आमच्या ड्रायव्हरमधला बिल्ल्यांचा घरगुती तक्ता काढून हीच तयार सोय वापरली.

अखंड सूचना, म्हणजे अॅटॉमिक, हे ऐकलं की लोकांना वाटतं सुटलो. तसं नाही. ‘किती कामं पाठवली’ हा काउंटर लॉकबाहेर काढून अॅटॉमिक केला तरी ६४ कोअर त्याच एका कॅश लाइनसाठी झोंबतात. लॉक गेलं, रेटारेटी तशीच. स्कझीमध्ये हे झालेलं आहे: कार्डावर किती कामं चालू आहेत ते मोजणारा काउंटर आधी लॉकमध्ये होता, मग अॅटॉमिक झाला, आणि पुढे काही वर्षांनी रोजच्या वाटेवरून तो काढूनच टाकला, कारण बिल्ले किती वापरात आहेत यावरून तेच कळत होतं. आमचा काउंटर आम्ही प्रत्येक कोअरला वेगळा दिला. कोणी एकूण विचारलंच तर बेरीज करून सांगायची. आणि वेगळे दिले तरी ते शेजारी शेजारी एकाच ६४ बाइटांत ठेवले तर काही उपयोग नाही: दोन खोल्यांना दोन नळ, पण मागे पाइप एकच. एकाने उघडला की दुसऱ्याची धार जाते.

लॉक एकाचे चार केले की नवा धोका येतो. एकाच्या हातात रबरी नळी, दुसऱ्याच्या हातात चावी, आणि दोघांनाही दोन्ही हवंय. कोणी सोडत नाही. यासाठी इंगो मोल्नार यांचं लॉकडेप हे तपासणीचं साधन २००६ पासून कर्नलमध्ये आहे. लॉक कुठल्या क्रमाने घेतली गेली ते लक्षात ठेवतं आणि उलटा क्रम एकदा जरी दिसला तरी, प्रत्यक्ष अडकण्याआधीच, ओरडतं. ते चालू न ठेवता लॉक फोडायला बसू नये.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका नोकरीत, मी एका ड्रायव्हरमधून कार्डाचं मोठं लॉक काढलं. वेग असा वाढला की सगळ्यांनी येऊन स्क्रीन बघितली. काही आठवड्यांनी चाचणीत एका मशीनवर फाइल सिस्टीम बिघडली. मग दुसऱ्यावर. दोन रात्री आम्ही डिस्कलाच दोष देत बसलो.

झालं होतं असं. काम पाठवल्यावर ३० सेकंदांत उत्तर आलं नाही की टाइमआउट होतो आणि ड्रायव्हर ते काम रद्द करायला निघतो. एखादी डिस्क आजारी असली की उत्तर नेमकं तिसाव्या सेकंदाला येऊ शकतं. म्हणजे एका कोअरवर इंटरप्ट म्हणतोय ‘१७ झालं’, दुसऱ्यावर टाइमआउट म्हणतोय ‘१७ रद्द’. दोघंही काम संपवतात. दोघंही मेमरी परत करतात. पहिल्याने परत केलेली मेमरी तेवढ्यात तिसऱ्याला मिळालेली असते, आणि दुसरा तीच पुन्हा मोकळी करतो. जुन्या मोठ्या लॉकमुळे हे दोघं एकामागून एक जायचे आणि दुसऱ्याला काम संपलेलं दिसायचं. ते लॉक तेही राखत होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि मी ते काढलं. लोकांचा डेटा ज्या जागेवर विसावतो तिथे मी हे केलं, याची धडकी मला पुढे बरेच दिवस होती. बरं एवढंच की ते आमच्याच मशीनवर सापडलं.

उपाय दोन ओळींचा होता. प्रत्येक कामावर एक खूण: ‘चालू’ किंवा ‘संपलं’. जो कोणी संपवायला येईल त्याने अखंड सूचनेने ‘चालू असेल तरच संपलं कर’ म्हणायचं. ज्याला जमलं त्याने पुढचं सगळं करायचं. ज्याला जमलं नाही त्याने काहीही न करता मागे फिरायचं. सामाईक लॉक नाही, कारण भांडण त्या एका कामापुरतंच आहे.

तेव्हापासून मी नियम केलाय. लॉकला हात लावण्याआधी ते कुठला डेटा राखतं ते त्याच्या वर एका ओळीत लिहायचं. कोड राखतं असं नाही, डेटा, नावानिशी. कर्नलच्या चेकपॅच या तपासनीसालाही हे हवं असतं. कडक तपासणी लावली आणि स्पिनलॉकच्या शेजारी टिप्पणी नसेल तर तो हटकतो.

डोंबिवलीच्या मुलालाही मी आधी तेच करायला सांगितलं होतं. त्याच्या लॉकचं नाव होतं ‘अडॅप्टर लॉक’. पहिल्या दिवशी त्याने टिप्पणीत पाच गोष्टी लिहिल्या: बिल्ल्यांचा तक्ता, काउंटर, कार्डाची तब्येत, रिंग आणि घंटा, कामाची अवस्था. बिल्ले गेले, काउंटर गेला, तब्येत वेगळीकडे गेली. कामाच्या अवस्थेपाशी तो अडला, तेव्हा मी त्याला माझी वरची गोष्ट सांगितली आणि त्या खुणेच्या दोन ओळी त्याने स्वतः लिहिल्या. लॉकडेप लावून, मुद्दाम टाइमआउट घडवून, चार दिवस मशीन बडवलं. उरली रिंग आणि घंटा. कार्ड जुनं, रिंग एकच. तिथे दुसरा नळ काढता येत नाही. पण आता लॉकच्या आत एवढंच आहे: ६४ बाइट ठेवायचे, शेपटी, म्हणजे रिंगच्या शेवटाची खूण, पुढे सरकवायची, घंटा वाजवायची, निघायचं.

शुक्रवारी संध्याकाळी ७.१० ची गाडी पकडायला निघताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.

“मॅडम, आता याला अडॅप्टर लॉक म्हणणं बरोबर नाही. ‘रिंग लॉक’ करू का?”

“कर,” म्हटलं, “आणि टिप्पणीतल्या त्या चार गोष्टी खोडून टाक.”